भिंत बंद करायच्या आधी

प्रमिलाताई गजभिये कुणाच्याही घरी पहिल्यांदा आल्या की आधी छताकडे बघायच्या, मग माणसांकडे. हातातला डबा घरच्या बाईकडे देता देता त्यांची नजर दिवाणखान्याच्या छतावरून फिरायची, जिन्यापाशी जरा थांबायची आणि मग खाली यायची. "छान आहे हो घर," त्या म्हणायच्या. "जिन्यावर एक स्मोक डिटेक्टर पाहिजे होता." आणि आपण काही बोललोच नाही अशा थाटात स्वयंपाकघरात शिरून बाह्या वर सारायच्या. "बोला, काय चिरू?"

बॉस्टनच्या पश्चिमेला श्रूजबरीत आणि आसपासच्या गावांत आमची मराठी घरं बरीच. त्यातल्या कित्येकांची बेसमेंटं 'ओळखीच्या माणसाकडून' करून घेतलेली. ओळखीच्या माणसाकडून म्हणजे परमिट न घेता. प्रमिलाताई जेवायला येणार असल्या की अशा घरात बेसमेंटचं दार लावलेलं असायचं आणि मुलांना आधीच दम दिलेला असायचा, आज खाली जायचं नाही. एकदा एका घरी जेवताना तिथल्या चिमुरडीनं त्यांना सांगूनच टाकलं, "आँटी, वी हॅव अ थिएटर डाउनस्टेअर्स, बट यू कान्ट सी इट." प्रमिलाताई पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "काही हरकत नाही बेटा. तुझ्या बाबाला दिसते नं, तेवढं पुरे." मुलीचा बाबा पुढे जेवला की नाही, मला आठवत नाही.

कारण असं, की प्रमिलाताई शेजारच्या एका छोट्या गावाच्या टाउन हॉलमध्ये काउंटरवर बसायच्या. घरात काहीही बांधायचं, पाडायचं, नवी वायर ओढायची, तर त्याचं परमिट त्यांच्या खिडकीतून मिळायचं. परमिट देणारे साहेब आणि तपासणारे इन्स्पेक्टर वेगळे. पण अर्ज घेणं, चुका दाखवणं, तपासणीचा दिवस लावून देणं हे सगळं त्यांच्याकडे. आमची लोकं म्हणायची, "आपल्या प्रमिलाताई आहेत ना तिथे." आणि एकदा तिथे जाऊन आली की पुन्हा असं म्हणायची नाहीत.

माझंही तसंच झालं. आम्ही त्या गावात घर घेतलं तेव्हा गॅरेजमध्ये गाडीच्या चार्जरची लाइन टाकायची होती. इलेक्ट्रिशियननं अर्ज केला होता, पण एक कागद राहिला म्हणून तो द्यायला मी गेले. काउंटरवर पिकलेल्या केसांची, निळा स्वेटर घातलेली बाई, समोर नावाची पाटी. गजभिये वाचून मला इतका आनंद झाला की मी एकदम म्हटलं, "अय्या, तुम्ही मराठी? मी लातूरची!" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "हाउ कॅन आय हेल्प यू, मॅम?" मी पुन्हा मराठीत काहीतरी बोलले. पुन्हा इंग्रजीत उत्तर. कागद घेतला, शिक्का मारला, "हॅव अ गुड डे."

मी पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले. कान तापले होते. तेवढ्यात मागून कुणीतरी काचेवर टकटक केलं. हातात जेवणाचा डबा घेऊन त्याच बाई उभ्या होत्या.

"लातूरला कुठं गं?" त्या म्हणाल्या. "मी नागपूरची. चल, त्या बाकावर बसू, मला अर्धा तास सुट्टी आहे. रागावली काय?"

मी नाही म्हटलं. चेहऱ्यावर हो असणार.

"काउंटरवर मी मराठी बोलत नाही," त्या डबा उघडत म्हणाल्या. "तुझ्यामागे तो टोपीवाला उभा होता नं, त्याला मराठी येत नाही. त्याला वाटलं असतं, ही आपल्या माणसाचं आधी करून राहिली. घे, वांग्याची भाजी घे. तिखट आहे जरा."

तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांचं एक वाक्य आमच्या सगळ्या गटाला पाठ झालं होतं: भिंत बंद करायच्या आधी. वायरिंग झालं की त्यावर ड्रायवॉलचे मोठे पांढरे तक्ते ठोकून भिंत बंद करतात. त्याआधी इन्स्पेक्टरनं उघडी वायर बघून गेलं पाहिजे, हा नियम. "भिंत बंद झाली की सगळं छानच दिसते," त्या म्हणायच्या. हेच त्या लग्न ठरणाऱ्या पोरींनाही सांगायच्या. "मुलाचं कर्ज, आईबापांच्या अपेक्षा, काय असेल ते आत्ता विचारून घे बापा. भिंत बंद करायच्या आधी." आमच्या गटातल्या एका मुलीनं खरंच विचारून घेतलं आणि लग्न मोडलं. तिची आई वर्षभर प्रमिलाताईंशी बोलत नव्हती. मुलगी मात्र दर दिवाळीला त्यांच्या घरी येऊन राहायची.

ऑफिसमधले लोक सुरुवातीला त्यांना पॅम म्हणायला लागले होते. त्यांनी ते चालू दिलं नाही. "पॅम म्हणून कुणी आली तर तिला सांगेन तुम्ही बोलावलं म्हणून," असं म्हणत त्यांनी एकेकाकडून प्र-मि-ला घोकून घेतलं. वायरिंगचे इन्स्पेक्टर होते त्यांचं नाव रे. उंच, वाकलेले, निवृत्तीला आलेले गृहस्थ. ते कधीच नीट शिकले नाहीत, 'मिला'वर थांबले. प्रमिलाताईंनी त्यांना माफ केलं, कारण त्यांना रेच्या नावाची फार गंमत वाटायची. "नवऱ्याला कधी अरे-तुरे केलं नाही मी," त्या सांगायच्या, "आणि आता या गोऱ्या बुढ्याला दिवसभर 'रे, रे' करून राहिली. मधुकरराव असते तर हसून हसून मेले असते." मधुकरराव, त्यांचे यजमान, मी त्यांना ओळखायला लागायच्या आधीच गेले होते. मुलगी सुजाता टेक्सासला, शुगर लँडमध्ये. इथल्या घरात त्या एकट्याच.

त्यांच्या काउंटरची एक गोष्ट मला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लक्षात आली. बाकीच्या खिडक्यांपुढे लोक उभे असायचे. यांच्या खिडकीपुढे खुर्ची होती. त्यांनी मागून मागून मिळवलेली. एकदा मी गेले तेव्हा एक अगदी म्हातारा शेतकरी आला होता. त्याच्या घराचं वायरिंग त्याच्या वडिलांच्या काळातलं, ते बदलायचं होतं, आणि कागदावरचं त्याला काही समजत नव्हतं. समजत नाही हे सांगायची लाजही वाटत होती. प्रमिलाताई काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या, दुसरी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या आणि एकेक ओळ त्याला हळू आवाजात वाचून दाखवली. मागे रांग वाढत होती. कुणीतरी घसा खाकरला. त्यांनी वर पाहिलंही नाही.

मी त्यांना त्याबद्दल विचारलं ते बऱ्याच महिन्यांनी. वूस्टरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यांना मी घेऊन गेले होते. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना ड्राइव्ह करता येणार नव्हतं. दवाखान्यातून मिळालेला कागदी काळा चष्मा लावून त्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, ती खुर्ची कुठून सुचली तुम्हाला?"

"बाबांमुळे," त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील नागपूरच्या कापडगिरणीत कामाला होते. वस्तीत वीज नव्हती, म्हणजे रीतसर नव्हती. सगळ्यांनी खांबावरच्या तारेवर आकडे टाकलेले. "बाबा म्हणाले, चोरीचा उजेड माझ्या घरात नको. मीटरसाठी अर्ज केला. पाळी संपली की विजेच्या ऑफिसात जायचे. तिथला बाबू त्यांना उभं ठेवायचा. आज साहेब नाही, उद्या या. उद्या गेले की कागद कमी आहे. मला घेऊन जायचे कधी कधी, इंग्रजी वाचायला. मी पण उभी. आत पंखा चालू, बाबू पान खाऊन राहिला, आणि बाबा हात जोडून उभे."

"मग मिळालं मीटर?"

"मिळालं, पुष्कळ दिवसांनी. तू समजतेस मला बाबांचा अभिमान वाटायचा? राग यायचा. सगळ्या वस्तीत दिवे, आणि आमच्याच घरात कंदील. मैत्रिणी हसायच्या. आई तर म्हणायची, तुमच्या तत्त्वावर भाकर भाजत नाही. आपल्याच माणसांना अंधारात बसवून हा माणूस कुणाला दाखवून राहिला, असं वाटायचं मला. खरं सांगते. बाबा बरोबर होते हे मला कळते. पण आई चूक होती असं अजून म्हणवत नाही."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्यानं हॉर्न वाजवल्यावर मला कळलं.

त्यानंतर आमच्या विहाराचं प्रकरण झालं.

आम्ही आंबेडकरी घरं, श्रूजबरीपासून पार बॉस्टनच्या अलीकडेपर्यंत विखुरलेली. बुद्धपौर्णिमा कुणाच्या तरी घरी, जयंती शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रमिलाताईंच्याच गावात एक जुनं शेतघर घेतलं. त्याच्यामागे मोठा लाकडी बार्न, म्हणजे गुरांचा आणि गवताचा गोठा होता. त्याचं विहार करायचं ठरलं. सुधीर खोब्रागडे पुढाकार घेऊन सगळं बघत होता. स्वभावानं उत्साही, स्वतः इंजिनिअर, शनिवार-रविवार सुट्टी न घेता तिथे राबणारा. त्याला वाटलं, परमिटची चिंता नाही. पण प्रमिलाताईंनी पहिल्याच दिवशी साहेबांना लेखी दिलं की ही जागा माझ्या लोकांची आहे, हिची फाइल मी हाताळणार नाही. फाइल दुसऱ्या बाईकडे गेली. सुधीर हसत म्हणाला, "ताई, आम्ही तुमच्या भरवशावर याच गावात जागा घेतली यार!" त्या म्हणाल्या, "भरवसा ठेव नं. मी रविवारी जेवण आणेन."

आणि आणायच्या. दर रविवारी काम करणाऱ्या सगळ्यांना पुरेल एवढा झुणका, भाकरी, ठेचा.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहार उघडायचं होतं. न्यू जर्सीहून भन्तेजी येणार, तिथल्याच वेस्ट विंडसरची मंडळी येणार, निमंत्रणं गेलेली. वायरिंग पुरं झालं, रे बुधवारी येऊन बघणार होते. पण पेंटर सोमवारचाच मिळाला होता. इलेक्ट्रिशियननं थांबा म्हणून बजावलं होतं. तरी रविवारी सकाळी सुधीरनं पोरं लावून भिंती बंद करून टाकल्या. मी पोचले तेव्हा शेवटचा तक्ता ठोकणं चाललं होतं. सगळं कसं पांढरं, स्वच्छ, देखणं दिसत होतं.

प्रमिलाताई दुपारी डबे घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"रे येऊन गेला?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी येतोय," सुधीर म्हणाला. "पण पेंटर थांबत नाही ताई. आणि काम एकदम पक्कं आहे, मी स्वतः बघितलंय. परवा तुम्हीही बघितलं होतं ना उघडं असताना? तुम्ही फक्त रेच्या कानावर घाला. तुमचा शब्द तो मोडणार नाही."

"मी बघितलं म्हणजे त्यानं बघितलं असं होत नाही, सुधीर."

"ताई, आपलं विहार आहे हे. दुसऱ्या कुणाचं नाही."

"म्हणूनच." त्यांनी डबे खाली ठेवले. "तू उद्या सकाळी त्याला फोन कर. सांग, चुकून बंद झाली. तू केलास तर बरं दिसेल. नाहीतर मला सांगावं लागेल."

सुधीर वाकून सांडलेले खिळे वेचू लागला. त्यांनी सगळ्यांना वाढलं. दुसऱ्यांदा भाकरी कुणीच घेतली नाही.

सुधीरनं फोन केला नाही. प्रमिलाताईंनी सांगितलं.

भिंती उघडाव्या लागल्या. आदल्या रविवारी ज्या पोरांनी तक्ते ठोकले होते त्यांनीच ते काढले. सगळीकडे पांढरी भुकटी. रे टॉर्च घेऊन एकेक तार, एकेक डबी बघत फिरले. प्रमिलाताई जेवणाच्या सुट्टीत आल्या होत्या, त्या दाराशी उभ्या. मला वाटत होतं काहीतरी निघावं. कुठेतरी खिळा घुसलेला असावा, तार सोललेली असावी. निदान त्यांच्यासाठी तरी.

काहीही निघालं नाही. "क्लीन वर्क," रे म्हणाले आणि सही करून गेले.

सुधीर प्रमिलाताईंसमोर येऊन उभा राहिला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "बघा ताई. काही नव्हतं."

"हौ," प्रमिलाताई म्हणाल्या. "काही नव्हतं. आता आपल्याला माहीत आहे."

भिंती पुन्हा बंद करून रंगवायच्या आतच तारीख आली, विहार वेळेवर झालं नाही. कार्यक्रम बाहेर झाला, बार्नच्या पुढच्या गवतावर. ऊन होतं पण वारा गार, मेपलची लाल पानं लोकांच्या अंगावर पडत होती. भन्तेजींनी अंगावर चीवर घट्ट ओढून घेत त्रिसरण-पंचशील दिलं. प्रमिलाताई पांढरी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जेवणाच्या रांगेत एक बाई मुद्दाम ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." प्रमिलाताईंनी ताटात भात घेतला होता. त्या तशाच उभ्या राहिल्या, मग ताट घेऊन बार्नच्या मागे गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या एका दगडावर बसून सावकाश जेवत होत्या. डोळे कोरडे होते.

"आई बाबांना हेच म्हणायची," त्या म्हणाल्या. "हेच शब्द नाही, पण हेच." मग म्हणाल्या, "वैशाली, मी दोन दिवस थांबले असते तर? बुधवारी रेनं स्वतःच बघितलं असतं. मी नसतं सांगितलं तरी त्याला दिसलंच असतं. मग मी काहून सांगितलं?"

मी शेजारी गवतावर बसले. उत्तर त्यांना माझ्याकडून नको होतं.

त्या हिवाळ्यात विहार उघडलं, पण त्या फारशा यायच्या नाहीत. भाकऱ्याही बंद झाल्या. जानेवारीत पार्किंग वाढवण्याच्या आमच्या अर्जावर गावात हिअरिंग, म्हणजे जाहीर सुनावणी होती. बर्फ पडत होता तरी हॉल भरला होता, शेजारची बरीच माणसं आली होती. प्रमिलाताई मागे एका कोपऱ्यात कोट न काढता बसल्या होत्या. गाड्यांचा आवाज, हेडलाइटचा उजेड असं एकेक जण बोलला. मग चौकड्यांचा शर्ट घातलेला एक जण उठला. म्हणाला, माझा या लोकांवर राग नाही, पण एक विचारायचंय. आम्हाला घरामागे साधं लाकडी डेक बांधायला महिने लागतात. यांचा अख्खा बार्न बदलून झाला. कसा? त्यानं मागे वळून हात केला. "कारण यांची बाई तिथे खिडकीत बसते."

हॉलमध्ये कुजबुज झाली. सुधीर ताठ झाला, पण उठला नाही. उठून काय सांगणार होता? प्रमिलाताई मान खाली घालून हातमोज्यांशी चाळा करत होत्या.

रे उठले. त्यांना बोलायला कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्याच कामासाठी येऊन ते पहिल्या रांगेत बसले होते. "गेल्या वर्षभरात मी पूर्ण झालेली भिंत एकाच ठिकाणी पाडायला लावली," ते म्हणाले. "यांच्या ठिकाणी. त्यांचा मोठा सण त्यात बुडाला. आणि मला ते कळवलं कुणी, तर मिलानं. सोमवारी सकाळी, मी कोट काढायच्या आत." मग त्या माणसाकडे वळून ते म्हणाले, "तुझं डेक कधी बघायला येऊ, सांग. मला वाटतं तुझा अर्ज अजून अर्धाच भरलेला आहे."

लोक हसले. तो माणूसही थोडा हसला आणि बसला. कडेनं दाट झुडपं लावायच्या अटीवर परवानगी मिळाली.

बाहेर पार्किंगमध्ये प्रमिलाताई गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होत्या. सुधीर त्यांच्याजवळ गेला. मी थोडी मागे होते, पण ऐकू येत होतं.

"ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही सांगितलं नसतं तर आज..."

"आजचं मला काय माहीत होतं तेव्हा?" त्या काच खरवडतच म्हणाल्या. "आजच्यासाठी नव्हतं सांगितलं. उगीच मोठी करू नको मला."

"मग कशासाठी?"

त्या थांबल्या. "ते मलाही नीट सांगता येत नाही. जाऊ दे. रविवारी किती जण असता आता तुम्ही? भाकरी किती आणू?"

सुधीरनं त्यांच्या हातातली खरवडायची पट्टी घेतली आणि उरलेली काच साफ करून दिली. आकडा त्यानं सांगितलाच नाही.

पुढे निवृत्त होऊन त्या शुगर लँडला मुलीकडे गेल्या. जाताना त्यांनी निरोप समारंभ करू दिला नाही. तिथे त्या दोनच वर्षं राहिल्या आणि तिथेच वारल्या. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी ऑफिसच्या कामानं ह्यूस्टनला गेले होते. एक दिवस जास्तीचा काढून जवळच शुगर लँडला त्यांना भेटायला गेले. गाडीतून उतरताच ओल्या, गरम हवेनं जीव घाबरला. सुजाता दार उघडत म्हणाली, "आई घरी नाहीये. पोहायला गेलीये."

"पोहायला?"

"तूच बघ जाऊन. कोपऱ्यावरच स्विमिंग पूल आहे."

स्विमिंग पूलवर दुपारची गर्दी नव्हती. उथळ टोकाला गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणाऱ्या काळ्या पोशाखात, डोक्याला जांभळी टोपी घालून प्रमिलाताई पाण्यात उभ्या होत्या. शिकवणारी कॉलेजातली मुलगी त्यांच्या पाठीखाली हात धरून म्हणत होती, "लाय बॅक, मिस प्रमिला. आय हॅव गॉट यू."

त्यांनी मला पाहिलं आणि पाण्यातूनच ओरडल्या, "वैशाली! थांब गं तिथंच, बोलवू नको मला. आज ही हात काढणार आहे."

मी काठावर बसले, चपला काढून पाय पाण्यात सोडले. त्यांनी डोळे मिटले, नाक चिमटीत धरलं, मग सोडलं. हळूहळू मागे रेलल्या. पाय वर आले. मुलीनं एक हात काढला, थोड्या वेळानं दुसराही, आणि दोन पावलं मागे सरकली. प्रमिलाताईंना ते कळलं नसावं. कान पाण्याखाली होते, चेहरा उन्हात. मी नकळत "ताई!" म्हणून हाक मारली. हाक त्यांच्यापर्यंत पोचली नाही. त्या तशाच तरंगत, अगदी सावकाश, पूलच्या मधल्या बाजूला सरकत राहिल्या.